जुन्या ऑडिओ कॅसेटची घरच्या घरी दुरुस्ती : नवख्यांसाठी मार्गदर्शन

कपाटांत आणि माळ्यांवर पडून असलेल्या कॅसेटींपैकी बाजारातून विकत आणलेल्या कॅसेटींची फारशी चिंता करण्याचे कारण नाही, कारण त्यांतली बहुतेक गाणी आज कुठे ना कुठे मिळतात. खरा प्रश्न आहे तो घरी ध्वनिमुद्रित केलेल्या कॅसेटींचा. आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या, देवळातले कीर्तन, आकाशवाणीवरून उतरवून घेतलेली एखादी मुलाखत, आखातात नोकरीला गेलेल्या माणसाने पत्राऐवजी पाठवलेली कॅसेट, यांची जगात एकच प्रत असते आणि ती बिघडली की दुसरी कुठून मागवता येत नाही. हा लेख मुख्यतः अशा कॅसेटी डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. रोज ऐकता येईल इतकी कॅसेट ठणठणीत करणे, हा या दुरुस्तीचा हेतू नाही. ती एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट वाजावी आणि त्याच वेळी तिची डिजिटल प्रत तयार व्हावी, एवढाच हेतू मनाशी ठेवला तर अनेक अनावश्यक उठाठेवी आपोआप टळतात.

सुरुवातीलाच एक दिलासा देतो. ‘खराब झाली’ म्हणून बाजूला टाकलेल्या कॅसेटींत बहुतेक वेळा दोष फितीत नसतो, तर तिच्याभोवतीच्या प्लॅस्टिकच्या कवचात आणि त्यातल्या चार-दोन लहान भागांत असतो. फिलिप्स कंपनीत लू ओटेन्स यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली ही कॅसेट १९६३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली. पुढे जगभरच्या कंपन्यांनी ती त्याच मापांनी बनवली. त्यामुळे एका कंपनीच्या कॅसेटमधली फीत दुसऱ्या कंपनीच्या कवचात बिनदिक्कत बसते, आणि आपली जवळजवळ सगळी दुरुस्ती या एका सोयीवर उभी आहे.

आत काय असते

कॅसेटच्या आत दोन दातेरी चाके असतात. एका चाकावरची फीत कवचाच्या खालच्या कोपऱ्यातल्या लहानशा रुळावरून वळते, उघड्या कडेने सरळ पुढे जाते, दुसऱ्या कोपऱ्यातल्या रुळावरून पुन्हा आत वळते आणि दुसऱ्या चाकावर गुंडाळली जाते. उघड्या कडेच्या मध्यभागी फितीच्या मागे तांबूस रंगाची एक पातळ स्प्रिंगपट्टी असून तिच्यावर फेल्टची किंवा स्पंजची एक चिमुकली गादी चिकटवलेली असते. टेपरेकॉर्डरचे हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग, पुढे आले की ही गादी फितीला त्याच्यावर हलकेच दाबून धरते. फितीच्या गुंडाळीच्या वर आणि खाली एकेक गुळगुळीत पातळ कागदी किंवा प्लॅस्टिकचा पडदा असतो, तो घर्षण कमी करतो.

फितीची रुंदी जेमतेम ३.८ मिलिमीटर असते आणि ती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकते. सी-६० (दोन्ही बाजू मिळून ६० मिनिटे वाजणाऱ्या) कॅसेटची फीत सुमारे १८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीची, सी-९० ची सुमारे १२ आणि सी-१२० ची अवघी ९ मायक्रॉन असते. म्हणून सी-१२० हाती आल्यास हात आणखी हलका ठेवावा. ती चटकन ताणली जाते, आणि ताणलेली फीत कोणालाही पूर्ववत करता येत नाही.

कोणते साहित्य जमवावे

बारीक फुली स्क्रूड्रायव्हर, प्लॅस्टिकचा किंवा बांबूचा चिमटा, नवे ब्लेड, पांढरे कापड, स्क्रू ठेवायला वाटी आणि छायाचित्रे काढायला मोबाइल, एवढे बहुतेक घरांत असतेच. बाजारात मिळणाऱ्या अनेक स्क्रूड्रायव्हरांच्या टोकाला चुंबकत्व दिलेले असते. स्क्रू उचलायला ते सोयीचे असले तरी चुंबकित फितीजवळ ते नेणे धोक्याचे आहे. टोकाला टाचणी चिकटते का ते पाहावे आणि चिकटत असेल तर तो बाजूला ठेवावा. चुंबकाचे झाकण असलेले मोबाइलचे कव्हर आणि स्पीकर यांनाही कामाच्या टेबलावर जागा देऊ नये.

दोन गोष्टी मात्र मुद्दाम मिळवाव्या लागतील. पहिली म्हणजे फीत जोडण्याची खास चिकटपट्टी, म्हणजे स्प्लायसिंग टेप. कॅसेटसाठी ती पाव इंची न घेता एक-अष्टमांश इंचाची घ्यावी. साधी सेलोटेप तिच्या जागी कधीही वापरू नये, कारण तिचा गोंद काही काळाने कडेने बाहेर झिरपतो, गुंडाळीतले शेजारचे वेढे एकमेकांना चिकटवतो आणि शेवटी हेडवर जाऊन बसतो. दुसरी गोष्ट म्हणजे पाच स्क्रूंनी बंद केलेली एखादी बिनकामाची कॅसेट. जुन्या बाजारात किंवा रद्दीवाल्याकडे अशा कॅसेटी किरकोळ दरात मिळतात. तिचे कवच, गादी, रूळ आणि पडदे आपल्याला सुट्या भागांसारखे वापरता येतात. ती घेताना चाके बोटाने सहज फिरतात ना आणि गादी जागेवर आहे ना, एवढे पाहून घ्यावे.

वाजवण्यापूर्वी तपासणी

जुनी कॅसेट सापडताच ‘वाजते का बघू’ म्हणून टेपरेकॉर्डरमध्ये घालण्याचा मोह होतो, तो आवरावा. सर्वप्रथम, तिच्यावर चुकून नवे ध्वनिमुद्रण होऊ नये म्हणून मागच्या कडेवरच्या दोन चिमुकल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या मोडून टाकाव्यात. उघडी कड खाली ठेवून जी बाजू समोर धरली असेल, तिची पट्टी डाव्या हाताला वर असते. पट्ट्या आधीच मोडलेल्या असतील तर उत्तमच.

मग खिडकीतून गुंडाळीकडे उजेडात नीट पाहावे. गुंडाळीची कड गुळगुळीत आणि एकसारखी काळी-तपकिरी दिसायला हवी. तिच्यावर पांढरट ठिपके, जाळे किंवा भुकटी दिसली तर ती बुरशी असू शकते. काही वेढे कडेबाहेर आलेले दिसले तर गुंडाळी सैल पडली आहे असे समजावे. नंतर उघड्या कडेतून फितीमागची गादी दिसते का ते पाहावे. शेवटी चाकात षट्कोनी पेन्सिल घालून ते अर्धा-पाऊण वेढा सावकाश फिरवावे. जोर लावावा लागत असेल, तर ती कॅसेट यंत्रात न घालता आधी उघडणेच शहाणपणाचे. घट्ट फिरणाऱ्या कॅसेटमध्ये फीत ओढणारे चाक मागे पडते आणि फीत यंत्रात गुंडाळली जाण्याची ती नांदी असते.

स्क्रूची कॅसेट उघडणे

पांढऱ्या कापडावर कॅसेट स्क्रूची बाजू वर करून आडवी ठेवावी. चार कोपऱ्यांतले आणि मधला असे पाच स्क्रू काढून वाटीत ठेवावेत. ती उलटी-सुलटी न करता वरचा अर्धा भाग दोन्ही हातांनी सरळ वर उचलावा. उचलताना वरचा पडदा कवचाला चिकटून येऊ शकतो, तेव्हा अर्धा सेंटिमीटर उचलून आत डोकवावे आणि पडदा चिमट्याने खाली ढकलावा. कवच निघाले की कशालाही हात लावण्यापूर्वी वरून एक छायाचित्र काढून ठेवावे. फीत कोणत्या खुंटीच्या पुढून आणि कोणत्या खुंटीच्या मागून जाते, हे पाच मिनिटांनी नक्की आठवत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. कॅसेटच्या चाकाला वर-खाली आधाराच्या तबकड्या नसतात. फीत केवळ स्वतःच्या ताणावर गुंडाळलेली असते. गुंडाळी नुसत्या कडेला धरून उचलली तर मधले चाक खाली निसटते आणि चकलीचे वेढे सुटावेत तशी सगळी फीत पसरते. सी-९० मध्ये ती सुमारे १३५ मीटर भरते, आणि तेवढी फीत गुंता न होऊ देता हाताने पुन्हा गुंडाळणे हे काम दिवसभर पुरते. म्हणून गुंडाळी दुसऱ्या कवचात न्यायची असेल तर दुसऱ्या कवचाचा खालचा भाग अगदी शेजारी ठेवावा, खालच्या पडद्यासकट दोन्ही गुंडाळ्या तळव्याच्या आधाराने एकदमच सरकवाव्यात, आणि मग फीत रुळांवरून घालून घ्यावी. उचलण्यापेक्षा सरकवणे केव्हाही बरे.

चिकटवलेली कॅसेट उघडणे

बऱ्याच कॅसेटींना, विशेषतः गाण्यांच्या तयार कॅसेटींना, स्क्रू नसतातच. त्यांचे दोन्ही अर्धे कारखान्यातच वितळवून जोडलेले असतात. असे कवच शाबूत उघडता येईल ही आशा सोडून द्यावी आणि बदली कवच आधीच तयार ठेवावे. पेन्सिलने सगळी फीत एका चाकावर घ्यावी. फीत तुटलेली असेल तर अर्थातच हे शक्य नाही, तेव्हा दोन्हीकडे सारखीच काळजी घ्यावी. डोळ्यांवर चष्मा असावा. फितीच्या उघड्या कडेपासून दूर, मागच्या कोपऱ्यात, जोडाच्या रेषेवर जाडसर पात्याचा चाकू टेकवून त्याच्या पाठीवर हलके ठोके द्यावेत. पाते दोन-तीन मिलिमीटरपेक्षा आत जाऊ देऊ नये. एक कोपरा सुटला की चाकू न फिरवता पात्याने तो थोडा फाकवावा आणि पुढच्या ठिकाणी सरकावे. प्लॅस्टिकचे कपचे उडतात, ते फितीत राहू नयेत म्हणून उघडल्यावर मऊ ब्रशने झटकून घ्यावेत.

गादी निघाली असेल तर

आवाज अगदी बारीक येतो, शब्द घोंगडीखालून आल्यासारखे दबके वाटतात किंवा आवाज मध्येच वाढतो-उतरतो, अशी तक्रार असेल तर पहिला संशय गादीवर घ्यावा. जुना गोंद सुकतो, गादी गळून पडते आणि कित्येकदा कवचातच कुठेतरी खुळखुळत असते. तीच गादी पुन्हा चिकटवता येते. पण बिनकामाच्या कॅसेटमधली स्प्रिंगपट्टी गादीसकट काढून बसवणे अधिक सोपे आणि खात्रीचे आहे. पट्टी दोन खाचांत नुसती अडकवलेली असते आणि चिमट्याने वर ओढली की निघते. तिच्या मागे लोखंडासारखी दिसणारी एक पातळ पत्री असते. ती बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राची घरघर अडवण्यासाठी असते, म्हणून ती उरलेली म्हणून फेकून देऊ नये. जुनीच गादी चिकटवायची झाल्यास पातळ दुहेरी चिकटपट्टीचा गादीहून लहान तुकडा वापरावा. फेविक्विकसारखा पातळ गोंद फेल्टमध्ये शोषला जातो, गादी दगडासारखी टणक होते आणि फीत घासू लागते.

तुटलेली फीत जोडणे

सुरुवातीच्या किंवा शेवटच्या पारदर्शक पट्टीपाशी फीत चाकातून निसटली असेल, तर जोडकामाची गरज नाही. चाकाच्या कडेला प्लॅस्टिकची एक लहान पाचर असते. ती बोथट टोकाने बाहेर ढकलावी, पट्टीचे टोक खाचेत घालावे आणि पाचर पुन्हा दाबून बसवावी. टोक कडेबाहेर आलेले दिसता कामा नये.

मधेच तुटलेली फीत जोडताना आधी दोन्ही टोके पिळलेली नाहीत ना, हे पाहावे. फितीची चुंबकीय बाजू बाहेर, म्हणजे हेडकडे, असते आणि मागची बाजू गादीकडे. चिकटपट्टी नेहमी या मागच्या बाजूला लावायची. काचेच्या तुकड्यावर प्लॅस्टिकची पट्टी चिकटवून तिची सरळ कड आधार म्हणून घ्यावी, आणि दोन्ही टोके मागची बाजू वर करून त्या कडेला लावून एकमेकांवर थोडी चढवावीत. मग दोन्ही एकदमच ४५ अंशांत ब्लेडने कापावीत, म्हणजे कापलेल्या कडा तंतोतंत जुळतात. वरचा कपचा काढून टोके एकमेकांना भिडवावीत, पण चढवू नयेत आणि फटही ठेवू नये, कारण फटीतून चिकटपट्टीचा गोंद हेडला लागतो. सुमारे दीड सेंटिमीटर स्प्लायसिंग टेप त्यावर ठेवून नखाने किंवा प्लॅस्टिकच्या बोथट काडीने दाबावी. ती फितीच्या कडेबाहेर केसभर जरी आली असेल, तरी ब्लेडने काढून टाकावी.

जोडल्यावर आवाज दबका येऊन दुसऱ्या बाजूचे बोलणे उलटे ऐकू येत असेल, तर फीत कुठेतरी अर्धा पीळ खाऊन जोडली गेली आहे असे निश्चित समजावे आणि जोड सोडवून पुन्हा करावा.

चुरगळलेला भाग कापून टाकावा का, हा प्रश्न नेहमी येतो. माझे मत स्पष्ट आहे : शक्यतो कापू नये. एक सेंटिमीटर फीत म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, म्हणजे वीतभर कापली तर एक आख्खे वाक्य जाते. शिवाय कॅसेटच्या दोन्ही बाजू एकाच फितीवर असल्याने पलीकडच्या बाजूचेही तेवढेच बोलणे हकनाक जाते. चुरगळलेली फीत स्वच्छ बोटांनी सपाट करून गुंडाळावी आणि काही दिवस तशीच ठेवावी. नंतर वाजवताना तिथे आवाज थोडा थरथरतो, पण शब्द समजतात. जिथे फीत दोरीसारखी ताणली गेली आहे आणि गुंडाळीत नीट बसतच नाही, तेवढाच भाग कापावा.

यंत्रात अडकलेली फीत

वाजता वाजता फीत अडकली तर आधी यंत्र बंद करून वीज तोडावी आणि कॅसेट ओढू नये. झाकण उघडून पाहिल्यास फीत बहुधा रबरी रोलरभोवती किंवा त्याच्या शेजारच्या पोलादी दांड्याभोवती गुंडाळलेली दिसते. रोलर बोटाने मागे धरून वेढे एकेक करून सोडवावेत आणि मोकळी झालेली फीत पेन्सिलने कॅसेटमध्ये परत घ्यावी. यात घाई केली तर फीत तुटते. मात्र ती का अडकली हे शोधल्याशिवाय पुन्हा वाजवू नये. कारणे साधारण तीनच असतात : यंत्राचा बेल्ट सैल पडून गुंडाळणारे चाक फिरत नाही, रोलर चिकट झाला आहे, किंवा कॅसेट आतून घट्ट आहे. घट्ट कॅसेटसाठी तळहातावर ती आडवी हलकेच आपटावी आणि दोन्ही दिशांनी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्यावी. एवढ्याने पुष्कळदा काम होते, नाहीतर कवच बदलावे. शिलाई मशीनचे तेल आत सोडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. तेल फितीवर पसरले की ती कॅसेट हातची गेली.

बुरशी

मुंबई आणि कोकणातल्या पावसाळ्यात हा विषय टाळता येत नाही. बुरशी आलेली कॅसेट इतर कॅसेटींपासून ताबडतोब वेगळी करावी आणि कोणत्याही चांगल्या यंत्रात घालू नये, कारण ते यंत्र पुढच्या प्रत्येक कॅसेटला बुरशी देत राहते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या) पुड्यांसोबत ती एक-दोन आठवडे ठेवावी. ओली बुरशी पसरते, सुकलेली झटकता येते. नंतर घराबाहेर, नाकातोंडावर एन-९५ मास्क लावून, कवच उघडावे आणि गुंडाळीच्या कडांवरून अगदी मऊ ब्रश एकाच दिशेने फिरवावा. जुने कवच, पडदे आणि गादी पुन्हा वापरू नयेत. नव्या कवचात घातल्यावर फीत हाताने सावकाश पूर्ण फिरवावी. वेढे एकमेकांना चिकटलेले असतील तर जबरदस्तीने ओढू नयेत, नाहीतर चुंबकीय थर निघून येतो. अशी कॅसेट अमोल असेल तर ती जाणकाराकडेच सोपवावी. कॅसेट ओव्हनमध्ये ‘भाजण्याचा’ जो उपाय सांगितला जातो, तो मोठ्या स्पूलवरच्या काही विशिष्ट फितींसाठी आहे. कॅसेटचे कवच त्या उष्णतेत वाकडे होऊ शकते.

वाजवणे आणि प्रत करणे

दुरुस्त कॅसेट घालण्यापूर्वी यंत्र साफ करावे. हेड आणि पोलादी दांडा शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसावा, काडी तपकिरी होणे थांबेपर्यंत. रबरी रोलरसाठी किंचित ओले कापड पुरते, कारण अल्कोहोलने काही रबर कालांतराने कडक होते. हात धुण्याचे सॅनिटायझर वापरू नये, त्यातले इतर पदार्थ हेडवर थर धरतात. मग आधी एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट पंधरा-वीस मिनिटे वाजवून पाहावी.

प्रत करण्याची सगळी जोडणी पहिल्या वाजवण्याआधीच झालेली असावी, कारण जुनी फीत दुसऱ्यांदा वाजेलच याचा भरवसा नसतो. टेपरेकॉर्डरच्या लाइन-आउटमधून (आवाज तारेने बाहेर नेण्याच्या छिद्रातून) यूएसबी ऑडिओ इंटरफेसमार्गे, म्हणजे आवाजाचे डिजिटल रूप करून संगणकाला देणाऱ्या लहान उपकरणामार्गे, संगणकात आवाज घ्यावा. लॅपटॉपच्या माइकच्या छिद्रात तार घातली तर आवाज बहुधा एकाच वाहिनीत आणि फाटलेला येतो. ऑडेसिटीसारखी मोफत प्रणाली या कामाला पुरेशी आहे. तिच्या सेटिंगमध्ये ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट ठेवून वेव्ह (आवाज न दाबता साठवणाऱ्या फाइलच्या) स्वरूपात साठवावे, आणि सर्वांत मोठा आवाजही उणे ६ डेसिबलच्या खालीच राहील अशी पातळी ठेवावी. खरखर काढायची ती नंतर, वेगळ्या प्रतीवर. मूळ फाइलला हात लावू नये.

शब्दांतले ‘स’ आणि ‘श’ बोथट ऐकू येत असतील आणि गादी व हेड दोन्ही ठीक असतील, तर ध्वनिमुद्रण केलेल्या यंत्राचे हेड आपल्या हेडपेक्षा जरा वेगळ्या कोनात होते असा त्याचा अर्थ. हेडच्या शेजारी स्प्रिंग असलेला एक बारीक स्क्रू असतो. त्याची मूळ जागा शाईने खुणेने दाखवून ठेवावी आणि फीत वाजत असताना तो अगदी थोडा इकडेतिकडे फिरवून ‘स’ सर्वांत स्पष्ट येईल तिथे थांबावे. काम झाले की तो खुणेवर परत आणावा.

प्रत झाल्यावर कॅसेट एका बाजूला पूर्ण गुंडाळून, डबीत घालून, उभी ठेवावी. माळ्यावरची उष्णता आणि बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीला लागलेले कपाट, दोन्ही टाळावे. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालावे. निळे दाणे गुलाबी झाले की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. कवच बदललेले असेल, तर जुन्या कवचावरच्या चिठ्ठीचे आणि डबीतल्या कागदाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र काढून फाइलसोबत ठेवावे. चिठ्ठी सुटत नसेल तर ओढून फाडण्यापेक्षा जुन्या कवचाचा तो अर्धा भागच डब्यात जपून ठेवावा, आणि नव्या कवचावर तारीख, गाव व बोलणाऱ्यांची नावे पेन्सिलने लिहावीत.